दहावीला तीन आठवडे उरले असताना उजळणी कशी करावी

पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिका हातात पडल्या आणि हॉलतिकीट आले, की दहावीच्या मुलामुलींच्या घरात एकच हिशेब सुरू होतो: दिवस किती उरले आणि धडे किती उरले. हा हिशेब सहसा जुळत नाही. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बहुतेक विद्यार्थ्यांना नऊ लेखी पेपर असतात: भाषांचे तीन, गणिताचे दोन, विज्ञानाचे दोन आणि सामाजिक शास्त्रांचे दोन. तीन आठवडे रोज सहा तास खरोखर अभ्यास होतो असे धरले, तरी एकूण १२६ तास भरतात आणि एका पेपरच्या वाट्याला जेमतेम १४ तास येतात. रात्र थोडी आणि सोंगे फार अशी अवस्था झाली की बहुतेक मुले पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला घेतात, वाचता वाचता रंगीत पेनने ओळी रंगवतात आणि संध्याकाळी 'तीन धडे झाले' असे घरी सांगतात. थोड्या वेळात सर्वांत कमी फळ देणारी पद्धत नेमकी हीच आहे. मूल आळशी असते म्हणून असे घडत नाही. माणसाची स्मरणशक्ती ज्या रीतीने चालते तिचा हा परिणाम आहे, आणि ती रीत एकदा समजली की उरलेले तास कुठे घालवायचे हे ठरवणे बरेच सोपे जाते.

मी काही वर्षांपासून आमच्या भागातील दहावीच्या मुलांचा संध्याकाळचा अभ्यासवर्ग घेतो. मागच्या फेब्रुवारीत एका मुलीला मी विचारले, 'प्रमाणाचे मूलभूत प्रमेय येते का?' तिने विधान धडाधड म्हणून दाखवले: त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर असणारी रेषा उरलेल्या दोन बाजूंना भिन्न बिंदूंत छेदत असेल, तर ती रेषा त्या बाजूंना एकाच प्रमाणात विभागते. मग मी पुस्तक मिटायला लावून तिच्यापुढे कोरा कागद ठेवला. पक्ष, साध्य आणि रचना तिने बिनचूक लिहिली, समान उंचीच्या त्रिकोणांच्या क्षेत्रफळांची दोन गुणोत्तरेही मांडली, आणि तिथे ती थांबली. ती दोन गुणोत्तरे एकमेकांइतकी का, हे काही केल्या तिला सुचेना. खरे तर तिथे एकच गोष्ट लिहायची असते: उरलेल्या दोन त्रिकोणांचा पाया एकच आहे आणि ते त्याच दोन समांतर रेषांच्या दरम्यान आहेत, म्हणून त्यांची क्षेत्रफळे समान आहेत. पुस्तक उघडताच ती म्हणाली, 'अहो सर, हे मला माहीत होतं!' आणि ते खोटे नव्हते. ती ओळ तिने निदान दहा वेळा वाचलेली होती आणि वहीत तिच्याखाली पिवळी रेघही होती.

समोर दिसलेली गोष्ट ओळखणे आणि समोर काहीच नसताना ती गोष्ट मनातून बाहेर काढणे, ही दोन वेगळी कामे आहेत. रस्त्यात भेटलेल्या माणसाचा चेहरा आपण लगेच ओळखतो, पण त्याचे नाव ओठांवर येत नाही, तसेच हे आहे. धडा दुसऱ्यांदा वाचताना डोळे ओळींवरून सहज सरकतात, पुढचे वाक्य काय असेल याचा अंदाज येतो आणि या सहजपणालाच मन 'आले मला' असे समजते. परीक्षेच्या दालनात मात्र पुस्तक नसते. तिथे काम पडते ते दुसऱ्या कौशल्याचे, ज्याचा सराव पुन्हा पुन्हा वाचून होतच नाही.

अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. त्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक उतारा दोनदा वाचायला दिला. दुसरा उतारा एकदाच वाचायला दिला आणि नंतर तो न बघता जेवढा आठवेल तेवढा लिहायला सांगितले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचलेल्या उताऱ्यातील सुमारे ८१ टक्के भाग मुलांना आठवला, तर एकदा वाचून एकदा लिहिलेल्या उताऱ्यातील ७५ टक्के. म्हणजे वाचणे जिंकले. पण दोन दिवसांनी हेच आकडे ५४ आणि ६८ झाले आणि आठवड्याने ४२ आणि ५६. पारडे पूर्ण फिरले. माझ्या मते या प्रयोगातील सर्वांत महत्त्वाचा आकडा पाच मिनिटांनंतरचा आहे, कारण मुले नेमकी तिथेच फसतात. वाचून झाल्यावर लगेच स्वतःला विचारून पाहिले तर खरोखरच चांगले येत असते, आणि तेवढ्यावर विसंबून धड्यापुढे बरोबरची खूण पडते.

तेव्हा पहिला बदल असा करावा की अभ्यासाच्या वेळेतील मोठा वाटा पुस्तक मिटून करायच्या कामाला द्यावा. धडा पूर्वी एकदा समजलेला असेल तर तो पुन्हा वाचण्याआधीच कोरा कागद घ्यावा, वर धड्याचे नाव लिहावे आणि दहा मिनिटांत त्यातले जे जे आठवेल ते मुद्द्यांच्या, आकृतीच्या किंवा सूत्रांच्या रूपात निळ्या पेनने उतरवावे. विज्ञानाच्या पहिल्या भागातील 'गुरुत्वाकर्षण' घेतले, तर केप्लरचे तीन नियम, न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत, वस्तुमान आणि वजन यांतील फरक, मुक्तपतन आणि मुक्तिवेग एवढे तरी कागदावर यायला हवे. मग पुस्तक उघडावे आणि जे सुटले किंवा चुकले ते लाल पेनने त्याच कागदावर लिहावे. हा लाल मजकूर म्हणजे त्या धड्याचा उरलेला अभ्यास. पुढच्या वेळी संपूर्ण धडा वाचायची गरज उरत नाही. लाल मजकुरावरून नजर फिरवायची, कागद उलटा ठेवायचा आणि पुन्हा लिहायचे. पहिल्या दिवशी कागद लालभडक होतो आणि त्याने मुले घाबरतात, म्हणून घरच्यांनी तो कागद बघून कपाळाला आठ्या घालू नयेत. मंडळाच्या उत्तरपत्रिकेत जे चुकले असते ते इथे चुकले आहे, एवढाच त्याचा अर्थ.

ही रीत आपल्याला अगदीच नवी आहे असेही नाही. तिन्हीसांजेला दिवा लागला की मुलांना बसवून परवचा म्हणून घेत असत, त्यात पाढे, पावकी आणि निमकी कुणी वाचून दाखवत नसे. ती न बघता म्हणायची असत, आणि रोज. पाठांतराला नावे ठेवण्याची आता पद्धत पडली आहे आणि अर्थ न कळता केलेल्या घोकंपट्टीबाबत ती योग्यही आहे, परंतु परवच्यातले 'न बघता' आणि 'रोज' हे दोन्ही घटक स्मरणशक्तीला मानवणारे होते. आजच्या घरात त्याचे सोपे रूप म्हणजे दुसऱ्या कुणीतरी पुस्तक हातात धरणे. त्यासाठी त्या माणसाला तो विषय येण्याची गरज नसते. माझ्या वर्गातल्या एका मुलाची आजी रोज रात्री भांडी आवरल्यावर भूगोलाचे पुस्तक घेऊन बसत असे आणि धड्यामागचे स्वाध्याय एकेक करून वाचून विचारत असे. ब्राझील कुठे आहे हे तिला ठाऊक नव्हते, मात्र नातवाचे उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी जुळते की नाही हे तिला पक्के कळायचे, आणि तो 'तसंच काहीतरी आहे' असे म्हणाला की ती 'तसंच नको, तेच सांग' म्हणायची.

दुसरा प्रश्न एकाच धड्याकडे किती वेळा आणि कधी परतायचे हा आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगटांच्या याद्या पाठ करायच्या आणि काही काळाने तीच यादी पुन्हा पाठ करायला किती श्रम वाचतात ते मोजायचे, असा त्याचा क्रम होता. वीस मिनिटांनंतर सुमारे ५८ टक्के श्रम वाचत, एका दिवसानंतर सुमारे ३४ टक्के आणि महिन्यानंतर सुमारे २१ टक्के. अर्थपूर्ण धडा निरर्थक अक्षरांपेक्षा सावकाश विसरला जातो, हे खरे. तरीही विसरण्याची घसरण सुरुवातीला तीव्र असते आणि पुढे मंदावते, हा तिचा आकार लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्यावरून असे निघते की पहिली परतफेरी लवकर, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, व्हायला हवी आणि त्यानंतरच्या फेऱ्यांमधले अंतर वाढत गेले तरी चालते. सोमवारी केलेल्या धड्याचा लाल कागद मंगळवारी पाच मिनिटे, शुक्रवारी पाच मिनिटे, पुढच्या आठवड्याच्या अखेरीस एकदा आणि पेपरच्या आदल्या दिवशी एकदा पाहिला, तर या सगळ्या फेऱ्यांना मिळून अर्धा तासही लागत नाही. तोच अर्धा तास सोमवारीच सलग घालवला असता, तर त्यातला बराचसा वाया गेला असता. म्हणून एका दिवसात एकच विषय पूर्ण संपवण्याचे वेळापत्रक, भिंतीवर कितीही नीटनेटके दिसले, तरी मला पसंत नाही.

गणिताच्या बाबतीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे आणि ती शिकवण्यांमध्येही फारशी सांगितली जात नाही. महत्त्वमापनाच्या प्रकरणात आधी शंकूची दहा उदाहरणे, मग गोलाची दहा आणि मग शंकूछेदाची दहा असा सराव केला, तर तिसऱ्या उदाहरणापासूनच हात आपोआप चालू लागतो, कारण कोणते सूत्र वापरायचे हा प्रश्नच उरलेला नसतो. परीक्षेत मात्र खरी अडचण तीच असते. डग रोहरर आणि केली टेलर या संशोधकांनी २००७ मध्ये चार प्रकारच्या घनाकृतींच्या घनफळांवर असाच प्रयोग केला. एका गटाने प्रकारवार उदाहरणे सोडवली आणि दुसऱ्या गटाने सगळी मिसळून. सरावाच्या वेळी प्रकारवार सोडवणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरे बरोबर होती आणि मिसळून सोडवणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा पहिल्या गटाची २० टक्के उत्तरे बरोबर आली आणि दुसऱ्याची ६३ टक्के. घरी हे करायला काहीच लागत नाही. दोन चलांतील समीकरणे, वर्गसमीकरणे आणि अंकगणित श्रेढी या तिन्ही प्रकरणांतील शाब्दिक उदाहरणे चिठ्ठ्यांवर लिहून एका डब्यात टाकावीत आणि रोज सहा चिठ्ठ्या काढाव्यात. चिठ्ठी वाचल्यावर लगेच सोडवायला न घेता 'हे कोणत्या प्रकरणातले आणि का' हे आधी एका ओळीत लिहावे. वेळ अगदीच कमी असेल त्या दिवशी नुसती ही ओळ लिहिली आणि उदाहरण सोडवले नाही, तरी सराव फुकट जात नाही.

आता निवडीचा भाग. सगळे होणार नाही हे मान्य केल्यावर काय सोडायचे हे ठरवावे लागते आणि ते मनाच्या कौलाने ठरवू नये, कारण मन आवडत्या धड्याकडे धावते. जुनी प्रश्नपत्रिका आणि पूर्वपरीक्षेतील आपली स्वतःची उत्तरपत्रिका शेजारी ठेवून ते ठरवावे. बीजगणिताचाच पेपर पाहा. मंडळाच्या गेल्या काही वर्षांच्या आराखड्यात ४० पैकी ८ गुण एकेका गुणाच्या प्रश्नांना आणि १२ गुण दोन-दोन गुणांच्या प्रश्नांना असतात. म्हणजे निम्मा पेपर छोट्या प्रश्नांचा झाला. 'कृती पूर्ण करा' या प्रकारात उदाहरणाची मांडणी आयती दिलेली असते आणि फक्त चौकटी भरायच्या असतात. त्यांचेच ७ गुण होतात. तीन आणि चार गुणांच्या प्रश्नांत पर्यायही असतात. गणिताला घाबरणाऱ्या मुलाने शेवटच्या तीन आठवड्यांत चार गुणांच्या अवघड उदाहरणांशी झुंजत बसण्याऐवजी प्रत्येक प्रकरणातील व्याख्या, सूत्रे आणि एक-दोन गुणांची उदाहरणे हातातली करावीत, असे मी निःशंकपणे सांगतो. ज्याचे हे सगळे आधीच पक्के आहे त्याचा हिशेब अर्थातच उलटा असेल. भूगोलात नकाशा आणि आलेख, विज्ञानात नामनिर्देशित आकृत्या, भाषेत पत्र आणि बातमी यांसारखे उपयोजित लेखन, ही अशीच कमी वेळात हाती लागणारी कामे आहेत. टक्केवारी ६०० ऐवजी उत्तम पाच विषयांच्या ५०० गुणांवर निघते, या भरवशावर एखादा विषय पुरता वाऱ्यावर सोडण्याचा मोह काहींना होतो. पण उत्तीर्ण सहाही विषयांत व्हावे लागते, हे विसरता येत नाही.

तीन आठवडे हा आकडाही सर्व विषयांना सारखा लागू होत नाही. २०२५ ची परीक्षा २१ फेब्रुवारीला भाषेने सुरू झाली आणि १७ मार्चला भूगोलाने संपली. पहिल्या पेपरला तीन आठवडे उरलेले असतात तेव्हा शेवटच्या पेपरला अजून सहा आठवड्यांहून अधिक काळ असतो आणि मध्ये मोकळे दिवसही मिळतात. त्यामुळे वेळापत्रक हातात घेऊन प्रत्येक पेपरचे दिवस स्वतंत्र मोजावेत. सुरुवातीच्या आठवड्यांत भाषा आणि गणित यांना अधिक वेळ द्यावा, इतिहास-भूगोलाचे धडे रोज थोडे चालू ठेवावेत आणि त्यांची मोठी फेरी मोकळ्या दिवसांत ठेवावी. उलट केले, म्हणजे भूगोल जानेवारीत संपवून टाकला आणि थेट मार्चमध्ये उघडला, तर एबिंगहाउसचा आलेख कुणालाच सोडत नाही.

पूर्ण प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवणे हा उजळणीचाच भाग आहे. चाळीस गुणांच्या पेपरला दोन तास असतात, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटे. भाषेच्या ऐंशी गुणांच्या पेपरला तीन तास असतात, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटे. भाषेचा पेपर 'सोपा होता पण पुरला नाही' ही तक्रार दरवर्षी का ऐकू येते, ते या भागाकारातून दिसते. २०२३ च्या परीक्षेपासून शेवटी दहा मिनिटे वाढवून मिळतात, पण ती तपासण्यासाठी आहेत असे समजून सराव केलेला बरा. ज्या विषयाची उत्तरे लांब असतात त्याचा निदान एक पेपर तरी सलग, मध्ये पाणी प्यायलाही न उठता, हाताने लिहून पूर्ण करावा. मोबाइलवर बोट फिरवणाऱ्या हाताला तीन तास लिहिण्याची सवय राहिलेली नसते आणि दुसऱ्या तासाला अक्षर कसे ढासळते, हे घरीच एकदा कळलेले चांगले.

या सगळ्याला एक मर्यादा आहे. जो धडा मुळात समजलेलाच नाही तो कोऱ्या कागदावर कितीही आठवून पाहिला तरी येणार नाही; तिथे आधी कुणाकडून तरी समजून घ्यावे लागते. शेवटच्या दिवसांत त्यासाठी मुले तासन्‌तास व्हिडिओ पाहतात. शिकवणारा उत्तम असेल तर त्याचा उपयोग होतो, पण दुसरा कुणी उदाहरण सोडवताना पाहणे हेही ओळखण्याचेच काम आहे. पंधरा मिनिटांचा व्हिडिओ पाहिला तर तो बंद करून तेच उदाहरण स्वतः सोडवायला पंधरा मिनिटे द्यावीत. एखादे प्रकरण समजायला चार तास लागतील आणि त्यावर परीक्षेत तीन गुण असतील, तर ते सोडून द्यावे आणि सोडल्याचे वाईट वाटून घेऊ नये.

पेपरच्या आदल्या रात्रीबद्दल मुलांशी वाद घालून मी थकलो आहे. दिवसभरात वाचलेले मनात मुरण्याचे बरेचसे काम झोपेत होते, आणि या वयाच्या मुलांना एरवीही आठ ते दहा तासांची झोप हवी असते. रात्री दोनपर्यंत जागून वाचलेला एक धडा दुसऱ्या दिवशी आधीच्या सहा धड्यांना अडखळायला लावतो. आदल्या दिवशी नवीन काहीही उघडू नये. त्या पेपरचे सगळे लाल मजकुराचे कागद क्रमाने लावावेत, प्रत्येकावर दोन-तीन मिनिटे द्यावीत, कंपासपेटीत पेन्सिलीला टोक आहे का आणि हॉलतिकीट दप्तरात आहे का ते पाहावे आणि झोपावे. पेपर सुटल्यावर फाटकाबाहेर उत्तरे जुळवत उभे राहण्याचा मोह फार मोठा असतो. घरी येऊन जेवावे, तासभर आडवे व्हावे आणि उठल्यावर पुढच्या पेपरचे लाल कागद काढावेत.